‘माले थंडी वाजस’ आणि जर्मन

वाचकाचं पत्र, थोडक्यात : धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात परिचारिका असलेल्या २६ वर्षांच्या एका वाचक मुलीचं हे पत्र आहे. गाव शिरपूर तालुक्यात, घरात अहिराणी, शिक्षण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. तिला जर्मनीत नर्सची नोकरी करायची आहे. सात महिने रोज रात्री दहा मिनिटं मोबाईलवरचं ॲप केलं, एकही दिवस चुकवला नाही. मग चाळीस जणांच्या ऑनलाइन बॅचला बसली. जर्मनच्या परीक्षांची पहिली पातळी, ए-१, निघाली. पुढच्या ए-२ला ५३ गुण पडले, म्हणजे पास व्हायला सात कमी. “वाचलेलं थोडंफार कळतं, पण तोंड उघडलं की एक वाक्य निघत नाही,” असं ती लिहिते. आता घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात, तापीकाठचा दोन एकरांचा तुकडा गहाण ठेवू, तू पुण्याला राहून क्लास कर. भाऊ म्हणतो, हल्ली संगीत ऐकत, हालचाली करत, झोपेत ऐकत भाषा शिकायच्या नव्या पद्धती आल्या आहेत, त्यातली एखादी धर. ती विचारते : “यातली खरी पद्धत कोणती? की माझ्यासारखीनं हा नादच सोडावा? मराठीसुद्धा माझी अशुद्ध, इंग्रजी कच्चं. माझ्या डोक्यात भाषा बसतच नाही.”

ताई, पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, “मला अगंतुगंच करा, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.” म्हणून तू म्हणते.

तुझ्या प्रश्नाकडे येते, पण आधी ते शेवटचं वाक्य. डोक्यात भाषा बसत नाही म्हणतेस, आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या पावरा आदिवासी बायकांबद्दल लिहितेस. सलाईन लावताना ‘मूठ आवळ’ हे त्यांच्या बोलीत कसं म्हणायचं, ते एका पेशंटच्या सासूनं तुला शिकवलं. तिनं स्वतःची मूठ आवळून दाखवली, शब्द उच्चारला, तू तो पुन्हा म्हटलास, ती हसली, आणि तेव्हापासून तो शब्द तुझा झाला. आता ‘कुठे दुखतं’, ‘पाणी पी’, ‘कूस बदल’ हे सगळं तुला त्यांच्या बोलीत येतं. अहिराणी घरची, मराठी शाळेतली, हिंदी दवाखान्यातली, इंग्रजी पुस्तकातली आणि ही पाचवी. पाच भाषांमध्ये कमीअधिक वावरणाऱ्या मुलीच्या डोक्यात भाषा बसत नाही, हे मी मानणार नाही.

मग हे तुझ्या मनात कुठून आलं? मला वाटतं, मला ठाऊक आहे. मी चौथीत असताना गुरुजींनी गणित घातलं आणि मी उभी राहून म्हटलं, “माले नही येत.” सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही. खान्देशात असे कितीतरी जण भेटतात, ज्यांना ‘आहे’ऐवजी अहिराणी ‘शे’ म्हटल्याबद्दल कुणी ना कुणी हसलेलं असतं. चूक झाली की हसतात, हे लहानपणी एकदा मनात बसलं की नव्या भाषेत पहिलं वाक्य बोलताना घसा आवळतो. तुझ्या ऑनलाइन बॅचमध्ये चाळीस जण होते आणि तू कॅमेरा बंद ठेवून सहा महिने ऐकत बसलीस. तुला काही येत नव्हतं म्हणून तू गप्प बसलीस असं तू समजतेस. मला उलट दिसतं. गप्प बसलीस म्हणून आलं नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सात महिने, रोज दहा मिनिटं, म्हणजे जेमतेम ३५ तास. गोएथे इन्स्टिट्यूट, ज्याला आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन म्हणतात, ते बी-२ पातळी (ए-२, मग बी-१, त्याच्या पुढची) गाठायला साधारण ६०० ते ८०० तासिका धरतं, आणि एक तासिका ४५ मिनिटांची. म्हणजे ४५० ते ६०० घड्याळी तास. तू रोज दीड तास दिलास तर त्याला तीनशे ते चारशे दिवस लागतील, ड्युट्या आणि लग्नसराईचे खाडे धरले तर सव्वा वर्ष. ३५ तास ॲप आणि बॅचमध्ये गप्प ऐकणं, एवढ्यावर बोलता आलं नाही म्हणून स्वतःला मठ्ठ ठरवू नकोस. आणि सहा महिन्यांत शून्यापासून बी-२ची खात्री देणारा कुणी भेटला, तर त्याला हाच हिशेब मांडून दाखव.

आता त्या पद्धतींकडे. तुझा भाऊ ज्यांना नव्या म्हणतो त्या बहुतेक पन्नास-साठ वर्षं जुन्या आहेत, आणि त्यांच्यात कामाचं पुष्कळ आहे. अमेरिकेतल्या जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात हालचालींची पद्धत मांडली. शिक्षकानं आज्ञा द्यायची, ‘ऊठ, दार उघड, खाली बस’, आणि विद्यार्थ्यानं फक्त तसं करायचं. बोलायची सक्ती नाही, बोलणं मागाहून आपोआप येतं. लहान पोराला आपण ‘आठे ये’ म्हणतो आणि ते दुडूदुडू येतं, बोलायला मात्र सहा महिन्यांनी लागतं, तोच हा क्रम. त्या सासूनं तुला ‘मूठ आवळ’ शिकवलं ते याच वाटेनं.

शिवाय तुझं कामच आज्ञांचं आहे. ‘माखेन झी बिटं आइनं फाउस्ट’ म्हणजे ‘मूठ आवळा’. ‘आट्मेन झी टीफ आइन’ म्हणजे ‘खोल श्वास घ्या’. ‘ड्रेएन झी झिश बिटं आउफ दी झाइटं’ म्हणजे ‘कुशीवर वळा’. अशी पन्नास वाक्यं वहीत उतरव. घरी गेलीस की भावाला कागद दे, तो वाचेल आणि तू करशील. दुसऱ्या फेरीत तू सांग, तो करेल. त्याचा उच्चार चुकेल, म्हणून आधी मूळ उच्चार मोबाईलवर दहादा ऐकून ठेवा. पंधरा दिवसांनी दवाखान्यात पेशंटचा हात धरलास की ‘फाउस्ट’ मनात आपोआप उमटेल.

संगीताची पद्धत म्हणतात ती बल्गेरियाच्या गिओर्गी लोझानोव्ह या मनोविकारतज्ज्ञाची, १९७०च्या दशकात गाजलेली. आरामखुर्च्या, मंद संगीत, शिक्षक नाट्यमय आवाजात संवाद वाचतोय, अशी. तिच्याबद्दल जे अफाट दावे झाले, दिवसाला शेकडो शब्द वगैरे, त्यांवर विसंबू नकोस. पण भीती उतरली की भाषा आत शिरते, हे तिचं म्हणणं मला पटतं, आणि तुझ्या बाबतीत तर फारच. झोपेत ऐकून भाषा शिकण्याचं मात्र डोक्यातून काढून टाक. रात्रपाळी करणाऱ्या मुलीनं झोपेच्या वेळी झोपावं.

तुला सगळ्यात उपयोगी पडेल अशी एक पद्धत भावाच्या यादीत नाही. चार्ल्स करन नावाच्या अमेरिकन समुपदेशकाची ती. शिकणारे गोल करून बसतात, मधोमध टेपरेकॉर्डर. ज्याला जे म्हणायचंय ते तो स्वतःच्या मायबोलीत म्हणतो. शिक्षक मागे उभा राहून तेच वाक्य नव्या भाषेत त्याच्या कानात हळूच सांगतो, आणि तो ते मोठ्यानं म्हणतो. म्हणजे वाक्य पुस्तकाचं नसतं, माणसाच्या मनातलं असतं. आठवड्यातून एकदा पाऊण तास तुला एकटीलाच शिकवणारी एखादी शिक्षिका ऑनलाइन धर आणि तिला आधीच सांग, मी मराठीत बोलणार, तुम्ही जर्मन सांगायचं, मी म्हणणार, मोबाईल रेकॉर्ड करणार. ‘आज वॉर्डात काय झालं’ एवढाच विषय पुरे. आठवडाभर ते रेकॉर्डिंग ऐकत त्याच्या मागोमाग बोलायचं. चाळीस जणांच्या बॅचमध्ये तीन महिन्यांत तुझ्या तोंडून जेवढं जर्मन निघालं नसेल, तेवढं एका पाऊण तासात निघेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर एवढं लांबवते आहे, ती सांगते. तुझी सगळी ॲपं आणि बॅच इंग्रजीतून जर्मन शिकवतात. इंग्रजी कच्चं म्हणून जर्मन अवघड जातंय, असा तुझा समज झालाय. पण तुझ्याकडे मराठी आणि अहिराणी आहे, आणि त्यांचा सांगाडा जर्मनला कितीतरी ठिकाणी इंग्रजीपेक्षा जवळ पडतो.

हे बघ. पेशंटला थंडी वाजते तेव्हा इंग्रजीत ‘आय ॲम कोल्ड’. ते जसंच्या तसं जर्मनमध्ये नेलंस, ‘इश बिन काल्ट’, तर अर्थ भलताच होतो. जर्मन माणूस म्हणतो ‘मिर इस्ट काल्ट’. हा ‘मिर’ म्हणजे ‘मला’. तुझी आजी म्हणते, “माले थंडी वाजस.” ते ‘माले’ म्हणजेच हे ‘मिर’. चक्कर येते, ‘मिर इस्ट श्विंडेलिश’, माले चक्कर येस. मळमळतं, ‘मिर इस्ट यूबल’. जे माणूस करतो ते ‘मी’नं आणि जे माणसाला होतं ते ‘मला’नं, हा फरक तुला दुधाबरोबर मिळालाय. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो घोकावा लागतो.

‘देर, दी, दास’ या तिघांनी तुला रडवलं असं लिहितेस. तो, ती, ते. इंग्रजीत हा प्रकारच नाही, हिंदीत दोनच लिंगं, मराठीत तीन. तेव्हा ही कल्पना तुला नवी नाही. फक्त कुणाला कोणतं लिंग ते नव्यानं शिकायचं. ‘देर लोफल’ म्हणजे चमचा, तोही तो. पण सूर्य तिथे ‘दी झोनं’, म्हणजे ती, आणि चंद्र ‘देर मोंट’. म्हणून शब्द कधीही एकटा पाठ करू नकोस, ‘देर’ किंवा ‘दी’सकट कर.

आणि क्रियापद. ‘इश म्योश्टं इन डॉइचलांट आर्बाइटन’, मला जर्मनीत काम करायचंय. काम करणं शेवटी, आपल्यासारखंच. ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आलं की पुढच्या वाक्यातलंही क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीतून येणारे तिथे अडखळतात. साध्या वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, तिथे मराठीची सवय दगा देईल, तेवढं सांभाळ. एक वही कर, डाव्या पानावर अहिराणी किंवा मराठी, उजव्या पानावर जर्मन. त्या वहीत इंग्रजी येऊ देऊ नकोस.

शब्द विसरण्याबद्दल. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत झपाट्यानं गळतं, आणि मधे अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. पुढे १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं त्यासाठी पाच कप्प्यांची पेटी लोकप्रिय केली. तुला विकत काही आणायला नको. इंजेक्शनच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्या वॉर्डात रोज निघतात. पाच घे. जुन्या कागदाची पत्त्याएवढी चिठ्ठी, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन. पहिली खोकी रोज, दुसरी एक दिवसाआड, तिसरी चार दिवसांनी, चौथी आठवड्यानं, पाचवी पंधरवड्यानं. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या खोकीत, चुकलं की थेट पहिलीत. हे मोबाईलवरही होतं, पण हातानं लिहिलेली चिठ्ठी परीक्षेत स्पेलिंगला उपयोगी पडते.

ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे बी-१पर्यंतचे धडे फुकट आहेत, हळू वाचलेल्या बातम्याही आहेत. जर्मनीतल्या लोकशिक्षण केंद्रांचं ‘फाउ-हा-एस लेर्नपोर्टाल’ तर बी-२पर्यंत नेतं, तेही फुकट. पण ताई, नुसत्या ऐकण्यावर थांबू नकोस. स्टीफन क्राशेन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं की समजेल असं भरपूर ऐकलं-वाचलं की भाषा येते. कॅनडात मेरिल स्वेन यांनी वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमात शिकलेली इंग्रजी बोलणारी मुलं पाहिली. त्यांना समजत उत्तम होतं, बोलण्या-लिहिण्यात मात्र ती मागे होती, कारण त्यांना बोलायला लावणारं पुरेसं काही नव्हतं. पुढे त्यांनी मांडलं की बोलायचा प्रयत्न करतानाच आपल्याला काय येत नाही ते कळतं. तुझं ‘कळतं पण निघत नाही’ ते हेच.

मग बोलायचं कुणाशी? जर्मन हाइनरिश श्लीमान, ज्यानं पुढे ट्रॉय हे प्राचीन शहर खणून काढलं, तो तरुणपणी ॲमस्टरडॅममध्ये कारकून होता. रशियन शिकवणारा त्याला कुणी मिळेना. त्यानं एक गरीब माणूस आठवड्याला चार फ्रँकवर ठेवला, रोज संध्याकाळी दोन तास समोर बसून नुसतं ऐकायला. त्या माणसाला रशियनचं अक्षर कळत नव्हतं. श्लीमान पाठ केलेलं मोठमोठ्यानं म्हणे, इतकं मोठ्यानं की शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे त्याला दोनदा घर बदलावं लागलं. तुझी आजी ओट्यावर दादर ज्वारी निवडत बसते असं लिहिलंस. तिच्यासमोर बस आणि दिवसभराचं सगळं जर्मनमध्ये सांग. ती “काय बोली राहिनी पोर?” असं विचारेल, मग तेच अहिराणीत सांग. आजीला चूक कळणार नाही, हसणार नाही, आणि तुझा आवाज मोकळा होईल. सुधारणारं माणूस आठवड्यातून एकदा आहेच.

शिवाय ए-२ची तोंडी परीक्षा जोडीनं असते, म्हणून तुझ्यासारखीच तयारी करणारी एक मैत्रीण शोध. नेटवरच्या अनोळखी भाषामित्रांनाही ना नाही, पण पहिले काही महिने तरी नाव-गाव-फोटो देऊ नकोस.

आता पुणे. क्लास वाईट नाहीत. ज्याला स्वतःहून वेळ पाळता येत नाही, त्याला क्लास लागतोच. पण तू रात्रपाळी सांभाळून सात महिने एक दिवस चुकवला नाहीस. तुला शिस्त विकत घ्यायची नाही, तुला दुरुस्ती करणारं कुणी हवंय. घरी राहून, नोकरी न सोडता बी-१पर्यंत जा. बाहेरून तयारी केलेल्यांनाही मॅक्सम्युलर भवनात परीक्षा देता येते, सराव प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ए-२ पुन्हा पूर्ण द्यावी लागेल, पण बी-१पासून वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार स्वतंत्र भाग आहेत, प्रत्येकात ६० लागतात आणि हुकलेला भागच पुन्हा देता येतो. पुण्याला जायचंच झालं तर बी-२च्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी जा, तुझ्या साठवलेल्या पगारातून. पत्र-निबंधाच्या लेखनाला तेव्हा शिक्षकाची खरी गरज पडेल. ते एकटीनं होत नाही, तिथे कुठलीही वेगळी पद्धत पुरत नाही.

जमिनीला हात लावू नका. नर्स म्हणून जर्मनीत पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ लागतं. उरलेली प्रक्रिया तिथे जाऊन करायची असेल तर बी-१वरही व्हिसाची वाट असते, पण तिथल्या राज्याराज्यांत फरक आहे. त्या दोन पातळ्यांच्या आत कुणी एजंट पैसे मागत असेल तर तो घाई करतोय. परदेशी भरती करणाऱ्या एजंटला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. वडिलांना हे सगळं शांतपणे सांग. ते जमीन पणाला लावायला निघाले ते तुझ्यावरच्या विश्वासानं. हिशेब कळला तर त्यांच्या जिवालाही स्वस्थता येईल.

अशीच पत्रं जळगाव-नंदुरबारकडूनही येतात, बहुतेक जपानीसाठी. त्यांनाही सांगते, तिथेही क्रियापद शेवटी आणि आपल्या ‘ला, त, नं’सारखे प्रत्यय शब्दाच्या मागे, म्हणून मराठीतूनच शिका. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, आधी हातात बसवा. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत तोंडी भाग नसतो. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून बोलावं लागतं, तेव्हा प्रमाणपत्र मिळालं म्हणून बोलण्याचा सराव टाळू नका.

ताई, आज रात्रपाळीला जाशील तेव्हा खिशात एकच चिठ्ठी ठेव, ‘माखेन झी बिटं आइनं फाउस्ट’. पहिल्या सलाईनच्या वेळी मनात म्हण, दुसऱ्या वेळी ओठांत. उद्या सकाळी घरी गेलीस की आजीचा हात धरून मोठ्यानं म्हण आणि तिला मूठ आवळायला लाव. महिन्याभरानं मला त्या दोन पानी वहीचा फोटो पाठव. चुका खोडू नकोस, तशाच राहू दे, मला त्या बघायच्या आहेत.